ऊन वाया जाऊ नये म्हणून

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. आदल्या रात्री आठ वाजता घोषणा झाली, तेव्हा बहुतेक घरांत सणाची तयारी अर्धवट होती. साखरेच्या गाठी आणायच्या राहिल्या होत्या आणि झेंडूची फुले सकाळी ताजी आणू, असे ठरलेले होते. पुण्यात आमच्या घरी गुढी उभारली गेली ती कुंडीतल्या जास्वंदीच्या फुलांनी आणि इमारतीच्या फाटकाशी असलेल्या कडुलिंबाच्या डहाळीने. पुढे काय वाढून ठेवले आहे, याचा अंदाज त्या दिवशी कोणालाच नव्हता. मात्र त्या पाडव्यापासून चैत्र आणि वैशाख हे दोन्ही महिने मला लहानपणानंतर प्रथमच अखंड, दिवसाच्या प्रत्येक प्रहरी, घरात राहून पाहायला मिळाले.

नोकरीवर जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला उन्हाळा फारसा येतच नाही. सकाळी कोवळ्या उन्हात घर सोडायचे, दिवसभर वातानुकूलित खोलीत बसायचे आणि ऊन उतरल्यावर परत यायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिला की ‘काय उकडतंय’ या दोन शब्दांत सगळा ऋतू संपतो. त्या वर्षी जेवणाच्या टेबलाचे एक टोक माझे कार्यालय झाले, दुसरे टोक यजमानांचे, आणि मधल्या जागेत मुलीची पुस्तके आली. तिथे बसल्या बसल्या मला आमच्याच घरातले ऊन हळूहळू कळू लागले. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या बाल्कनीत थेट आतपर्यंत येणारे ऊन एप्रिलमध्ये उंबऱ्याबाहेरच थांबते आणि मे महिन्यात तिथे भर दुपारीही सावली असते. उलट एरवी थंड असणाऱ्या उत्तरेच्या खिडकीतून संध्याकाळी साडेपाचनंतर तिरपे, तांबूस ऊन पलंगापर्यंत पोहोचते. सूर्य उत्तरेकडे सरकतो हे आपण शाळेत पाठ केलेले असते, पण तो आपल्या घरातल्या कोणत्या फरशीवरून कोणत्या फरशीवर सरकला, हे पाहण्याचा आनंद त्या पाठांतरात नव्हता.

सासूबाईंना हे सगळे आधीपासूनच ठाऊक होते आणि त्यांचा उन्हाळ्याचा दिनक्रम त्यावरच बेतलेला होता. सकाळी दहाच्या सुमारास पूर्वेच्या खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, आणि संध्याकाळी वारा फिरला की सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. माठ ठेवायचा तो वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात. त्यात वाळ्याची जुडी सोडायची आणि भोवती ओले फडके गुंडाळायचे. कुंड्या दर पंधरवड्याला सरकवायच्या. आम्ही दिवसभर बाहेर असताना हे सगळे घरात चाललेले असे आणि संध्याकाळी आल्यावर गार पाणी तेवढे आमच्या हाती पडे. आता त्या गारव्यामागची सगळी हालचाल डोळ्यांसमोर घडत होती, आणि मला त्या पाण्याची चव अधिक आवडू लागली.

एप्रिलमध्ये एकदा सकाळी चहा घेताना त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “एवढं कडक ऊन आहे आणि गच्ची रिकामी. वाया चाललंय गं सगळं.”

त्यांच्या लेखी ऊन हा घरात येणारा माल आहे, धान्यासारखा, वेळेवर भरून ठेवण्याचा. गुडघ्यांमुळे त्यांचे गच्चीवर जाणे थांबले होते आणि आम्हाला वेळ नसल्यामुळे गेली काही वर्षे कुरडया, पापड्या बचत गटाच्या बायकांकडून विकत येत. या वर्षी त्याही येणार नव्हत्या. वर्षाचे गहू मात्र पाडव्याआधीच भरून झालेले होते. त्यामुळे कुरडया घालायच्या असे ठरले, आणि हे काम एकट्या बाईचे नसते, घरातल्या सगळ्यांनी लागायचे, असेही त्याच वेळी ठरले.

कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवावे लागतात आणि रोज त्यांचे पाणी बदलावे लागते. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात एक आंबूस, उग्र वास भरून राहतो, जो ज्यांनी लहानपणी अनुभवला आहे त्यांना हवाहवासा वाटतो आणि ज्यांनी अनुभवलेला नाही त्यांना अजिबात सोसत नाही. मुलगी नाकाला रुमाल लावून फिरत होती. चौथ्या दिवशी गहू वाटून, पाण्यात कालवून, हाताने पिळून पिळून त्यांतला चीक काढायचा आणि तो फडक्यातून गाळून रात्रभर स्थिर ठेवायचा. सकाळपर्यंत पांढराशुभ्र चीक तळाशी बसतो आणि पिवळसर निवळ वर येते. पातेले अजिबात हलू न देता ती निवळ ओतून टाकणे हे खरे कसबाचे काम. ते सासूबाईंनी कोणालाही करू दिले नाही.

चीक शिजवायचा तो सूर्योदयापूर्वी, कारण कुरडयांना पहिल्या दिवशी पूर्ण ऊन मिळाले पाहिजे. आधणात मीठ आणि हिंग घालून त्यात चीक धार धरून ओतायचा आणि ओतणारा हात व ढवळणारा हात यांनी एकमेकांची गती सांभाळायची. जरा चुकले की गुठळ्या. ओतायला मी होते आणि ढवळायला यजमान. चीक घट्ट होऊ लागला तसा लाकडी दांडा फिरवणे जड होत गेले. पांढरेपणा जाऊन त्याला चकाकी आली, मग झाकण ठेवून वाफ आणली. सासूबाईंनी पाण्यात बोट बुडवून चीक हळूच दाबून पाहिला. बोटाला काही चिकटले नाही. “झाला,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा वाट्या मागितल्या. गरम चिकावर तेल आणि तिखट घालून स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच आम्ही तो खाल्ला. बाहेर अजून पुरते उजाडलेले नव्हते आणि खिडकीबाहेर दयाळ गात होता. उन्हाळ्याच्या पहाटे हा काळा-पांढरा पक्षी असा लांबलचक, निरनिराळ्या तानांनी गातो की कामाचा हात क्षणभर थांबतो. तो दरवर्षी इथेच गात असणार, पण आमच्या रस्त्यावर पहाटेपासून वाहने धावत असत.

गच्चीवर जाण्यासाठी आमच्या इमारतीत प्रत्येक कुटुंबाला वेळ ठरवून दिलेली होती. गरम पातेले चादरीत गुंडाळून वर नेले, स्वच्छ धुतलेल्या जुन्या सुती साडीवर सोऱ्याने कुरडया घालायला सुरुवात केली. चीक गार झाला की तो सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून थांबता येत नाही. पितळी सोऱ्याचे दांडे फिरवून यजमानांचे तळहात लाल झाले. मुलीच्या पहिल्या कुरडया वेड्यावाकड्या होत्या, नंतरच्या जरा गोल झाल्या. ऊन वर येईपर्यंत साडी भरली होती. मग दोन दिवस कावळ्यांची राखण, दुसऱ्या दिवशी एकेक कुरडई सोडवून उलटणे, संध्याकाळी गोळा करून खाली आणणे आणि सकाळी पुन्हा वर नेणे. शेजारच्या काकूंच्या साबुदाण्याच्या पापड्याही त्याच उन्हात, त्यांच्या ठरलेल्या कोपऱ्यात वाळत होत्या. दारातल्या स्टुलावर वाटी ठेवायची, बेल वाजवायची आणि मागे सरकून उभे राहायचे, अशा रीतीने त्या दिवसांत आमची देवाणघेवाण चालत असे. चैत्रगौरीची आंबेडाळ आणि पन्हेही त्या वर्षी असेच, हळदीकुंकवाशिवाय, स्टुलावरून घरोघर गेले.

या सुखांना साधे म्हणताना मला नेहमी थोडे थांबावेसे वाटते. तळलेली कुरडई खाणाऱ्याला ती साधीच असते. ती करणारीसाठी मात्र आठवडाभराचे काम, पहाटेचे उठणे आणि भर उन्हातल्या फेऱ्या असतात. सासूबाई सांगतात की त्यांच्या तरुणपणी वाड्यातल्या सगळ्या बायका मिळून प्रत्येकीच्या घरचे वाळवण करत. उडदाच्या पापडांच्या लाट्या तेलात बुडवून खाण्याची आणि गप्पांची त्यात मौज होती, पण त्याच बायकांना त्यानंतर घरी जाऊन दोन्ही वेळचा स्वयंपाक करायचा असे. वाळवण मागे पडले त्याचे कारण आळस नव्हे. बायका नोकरीला लागल्या आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी उभे राहिले नाही. त्या वर्षी घरातला पुरुष ढवळायला उभा राहिला आणि घरातली मुलगी राखणीला बसली, म्हणूनच ते काम आनंदाचे झाले, असे माझे ठाम मत आहे.

आंब्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्या उन्हाळ्यात ज्याने त्याने त्यांविषयी लिहिले आहे. नेहमीचे व्यापारी मार्ग विस्कळीत झाल्यामुळे कोकणातल्या बागायतदारांनी शहरांतल्या वसाहतींशी थेट संपर्क साधला आणि देवगड-रत्नागिरीच्या पेट्या टेम्पोने फाटकापर्यंत आल्या. आम्ही हिरवट आंबे घेऊन पलंगाखाली गवतात आढी घातली. घरात कायम माणूस असल्यामुळे कोणते फळ कधी उतरले हे नेमके कळत होते आणि प्रत्येक आंबा त्याच्या योग्य दिवशी खाल्ला गेला.

त्याच दिवसांत वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर दुसरे ऊन दिसत होते. मुंबई-नाशिक महामार्गावरून डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन माणसे शेकडो मैल दूर असलेल्या गावांकडे चालत निघाली होती. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला, जालन्याहून चालत निघालेले १६ मजूर रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली सापडून मरण पावले. त्यांच्या शिदोरीतल्या, रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र पाहिल्यावर त्या दिवशी आमच्या घरात कोणी नीट जेवले नाही. ज्या उन्हात आम्ही कुरडया वाळवत होतो तेच ऊन त्यांच्या पायांखालचा रस्ता तापवत होते. घरात राहून सुख शोधण्याची मुभा ज्यांना घर होते, साठवलेले धान्य होते आणि महिन्याच्या शेवटी पगार जमा होत होता, त्यांनाच होती. हे लक्षात ठेवल्याशिवाय त्या उन्हाळ्याविषयी एक ओळही लिहू नये, असे मला वाटते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा पगार आम्ही चालू ठेवला, पण त्यांच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी काय अवस्था होत असेल, याचा विचार त्या महिन्यांत वारंवार येत राहिला.

मुलीची त्या वर्षी दहावी होती. २३ मार्चला होणारा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. भूगोल हा तिचा सर्वांत आवडता विषय, त्यामुळे सुटल्याचा आनंद बाकीच्यांना झाला तसा तिला झाला नाही. नकाशासंग्रह टेबलावरून हलत नव्हता. मे महिन्याच्या सुरुवातीला तिने जाहीर केले की १३ मेच्या सुमारास पुण्यात दुपारी सावली नाहीशी होणार आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या राज्यात हे प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा घडते: सूर्य उत्तरेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा. ज्या दिवशी सूर्य आपल्या अक्षांशाच्या नेमका वर येतो, त्या दिवशी मध्यान्ही तो बरोबर माथ्यावर असतो. परतीच्या वेळी, जुलैच्या अखेरीस, पुण्यावर बहुधा ढग असतात. म्हणून पाहायचे ते मे महिन्यात.

ती पितळी सोऱ्या घेऊन गच्चीवर गेली, कारण घरात त्याच्याइतके सरळ आणि जड दुसरे काही नव्हते. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, तेव्हा तिने पाट ठेवला, पाटावर पाण्याने भरलेले ताट ठेवून कडेला पाणी सगळीकडे सारखे येईपर्यंत खाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवले, मग ताट काढून सोऱ्या उभा केला. बारा वाजता त्याच्या पश्चिमेला सावलीची एक पट्टी होती. ती डोळ्यांदेखत आखडत गेली. साडेबारा होताच ती पितळेच्या कडेला लागली आणि १२ वाजून ३१ मिनिटांनी पाटावर सावली उरली नाही. पाण्याच्या टाकीच्या चारही बाजूंना ऊन होते. आमच्या स्वतःच्या सावल्या पायांत गोळा झाल्या होत्या. दोन-तीन मिनिटांनी सोऱ्याच्या पूर्वेला एक काळी रेघ उमटली आणि मुलीने टाळी वाजवली. गच्चीवर येऊ न शकणाऱ्या आजीला ती फोनवरून सगळे दाखवत होती. “म्हणजे आज दुपारी झाडाची सावली झाडालाच,” असे आजी खालून म्हणाल्या.

माझे माहेर नागपूरचे. दरवर्षी परीक्षा संपली की आम्ही रात्रीच्या गाडीने तिकडे जात असू. मुलीसाठी मे महिना म्हणजे आजोळ, वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर आणि रात्री गच्चीवर पाणी शिंपडून घातलेली अंथरुणे. त्या वर्षी गाड्या बंद होत्या आणि जिल्ह्याची सीमा ओलांडायलाही परवाना लागत होता. नकाशावर बोट ठेवून ती म्हणाली, “आपण नाही गेलो तरी सूर्य आजीकडे चाललाय.” रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकत तो मुंबईवर जाईल, मग २० तारखेच्या आसपास नाशिकला आत्याकडे आणि २६ मेला नागपूरला. तिने वेळाही काढल्या. दर रेखांशाला चार मिनिटे, आणि नागपूर पुण्याच्या पूर्वेला सव्वापाच अंश, म्हणून तिथला मध्यान्ह पुण्याच्या सुमारे एकवीस मिनिटे आधी, बारा-दहाच्या सुमारास. जो प्रश्न परीक्षेत दोन गुणांना येतो, त्याचे उत्तर ती आता आपल्या माणसांच्या घरांमधून मोजत होती.

आत्याने नाशिकहून तांब्याचे छायाचित्र पाठवले. नागपूरला त्या आठवड्यात नवतपा सुरू झालेला, पारा ४५ अंशांच्या वर गेलेला आणि माझी आई सत्तरीच्या पुढची, त्यामुळे तिने खिडकीतून पाहावे आणि दादाने वर जावे असे ठरले. दादा डोक्याला ओला दुपट्टा बांधून गच्चीवर उभा राहिला आणि आम्ही पुण्यात फोनभोवती गोळा झालो. त्याने लाटणे उभे धरले होते. सावली नाहीशी झाली तेव्हा पडद्यावर नुसता पांढरा प्रकाश दिसत होता, पण त्याचा आवाज स्पष्ट आला, “काय तापून राह्यलं बाप्पा! पण पोरीचं गणित बरोबर निघालं ना!” मग आईने फोन घेतला आणि कूलरमध्ये पाणी भरण्यापासून सरगुंडे वाळत घातल्यापर्यंतची सगळी हकिगत सांगितली. भेट झाली नव्हती. तरीही महिनाभराच्या ‘बरे आहात ना, काळजी घ्या’ या बोलण्यानंतर प्रथमच आम्ही आजाराखेरीज कशाविषयी तरी पोटभर बोललो होतो.

संध्याकाळच्या आमच्या गच्चीच्या वेळेत पश्चिमेला शुक्र दिसे. ३ एप्रिलला तो कृत्तिकांच्या पुंजक्यात शिरलेला होता, आणि एप्रिलच्या अखेरीस इतका तेजस्वी झाला की दिवे लागण्याआधीच दिसू लागला. मे संपता संपता तो रोज खाली उतरत सूर्याच्या तेजात मिसळून गेला. प्रवासी विमाने २५ मेपर्यंत बंद असल्याने तोवर आकाशात हलणारा दिवा क्वचितच दिसे.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुण्यातही सोसाट्याच्या वाऱ्याने झाडे पडली. आदल्या दिवशीच आम्ही गच्चीवरचे सगळे खाली आणून डबे भरले होते. त्यानंतर ऊन गेले ते गेलेच.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा असा नव्हता. २०२१च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत आमच्या इमारतीतही आजार आला, फोन वाजला की छातीत धस्स होई, आणि दिवस प्राणवायूच्या व खाटांच्या चौकशीत गेले. शेजारच्या काकू त्या लाटेत गेल्या. त्या वर्षी गच्चीवर कोणी काही वाळत घातले नाही. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी दिलेल्या साबुदाण्याच्या पापड्या डब्यात शिल्लक होत्या. त्या तळायला हात धजावत नव्हता. शेवटी सासूबाईंनीच त्या एका एकादशीला तळल्या आणि काकूंच्या घरीही वाटीभर पाठवल्या.

आता गाड्या चालू आहेत आणि मुलगी भूगोल घेऊन पदवीचे शिक्षण पूर्ण करून बसली आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात यजमान सुट्टी टाकतात, कारण चीक ढवळण्याचे काम आता कायमचे त्यांच्याकडे आहे. नागपूरचे आरक्षण आम्ही २६ मेच्या आधी पोहोचू अशा बेताने काढतो. दादाच्या गच्चीवर पाट मांडून ठेवलेला असतो, आणि सोऱ्या पुण्याहून आणायचा की नागपूरचाच वापरायचा, यावर त्याचा आणि भाचीचा फोनवर दरवर्षी वाद होतो.